मदत हवी आहे: बीएस-६ गाडीला स्कॅनर कनेक्ट होत नाही, चेक लाइट जात नाही

मारेगाव_१०चाकी
चेक इंजिनचा लाइट आठ दिवसांपासून पेटलेला आहे, गाडी चढावर ओढत नाही. ब्लूटूथचा स्कॅनर मागवला, मोबाइलमध्ये तीन ॲप टाकून पाहिले, तिन्हीत ‘कनेक्ट होऊ शकत नाही’. सर्व्हिस सेंटर म्हणते गाडी नागपूरला आणा, नुसता कोड पाहायचे पैसे वेगळे. मला घरी कोड वाचायचा आहे, बस. कोणतं ॲप चालतं तेवढं सांगा. परवा वणीला लोड आहे.

डिझेलदादा
कोणती गाडी, कोणतं साल, किती व्होल्ट? सॉकेट कसा आहे, गोल की चपटा? स्कॅनर कोणता? नुसतं ‘गाडी’ म्हटलं तर काय समजायचं भाऊ.

शाफ्ट_जॉइंट
ओढत नाही म्हणजे एअर फिल्टर. जिनिंगच्या हंगामात कापसाची धूळ भरते. इंडिकेटर लाल झाला का पाहा. आतला छोटा फिल्टर हवा मारून वापरायचा नसतो, नवाच टाकायचा.

मारेगाव_१०चाकी
नावातच १० चाकी लिहिलं आहे राजेहो. २०२१ ची, बीएस-६, २४ व्होल्ट, डीईएफवाली (धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं ती). सॉकेट १६ पिनचा, स्टिअरिंगखाली. स्कॅनर निळा, ईएलएम३२७, डबीवर १.५ लिहिलं आहे. त्याचा लाल दिवा लागतो. फिल्टर नवा आहे.

कॅन_हाय_लो
ॲपचा दोष नाही. तीन गोष्टी आहेत.

एक, ईएलएम३२७ ची १.५ अशी आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नाही. १.४ नंतर थेट २.० आली. म्हणजे तुमच्याकडे नक्कल आहे, आणि बहुतेक नकलांमधून ट्रकच्या कामाचे आदेशच गाळलेले असतात.

दोन, मोबाइलमधले ॲप कारसाठी असतात, ते ‘पी’ने सुरू होणारे कोड मागतात. जड गाड्यांत बहुतेक ठिकाणी जे१९३९ ची भाषा असते. तिथे कोड म्हणजे दोन आकडे: एसपीएन म्हणजे बिघाड कशात, एफएमआय म्हणजे बिघाड कसा.

तीन, त्या डबीत १२ व्होल्टचा रेग्युलेटर असतो. तुमच्या सॉकेटच्या १६ नंबर पिनवर गाडी चालू असताना २८ व्होल्ट येतात. एक सांगा, स्कॅनर सॉकेटमध्ये सरळ बसला का?

मारेगाव_१०चाकी
नाही बसला. मधे प्लास्टिकची पट्टी अडकत होती. कानशीने थोडी घासली, मग बसला.

ऑटोवायरिंग_वणी
अरे बाप्पा. ती पट्टी अडकायलाच ठेवलेली असते. २४ व्होल्टच्या सॉकेटची खाच मधोमध तुटलेली असते, म्हणून १२ व्होल्टचा प्लग त्यात जात नाही. तुम्ही कुलूपच घासून टाकलं. आता तो काढा आणि हात लावून पाहा, कोमट लागला तर पुन्हा लावू नका.

मारेगाव_१०चाकी
चांगलाच गरम आहे.

पऱ्हाटी
येवढं कायले डोकं लावून रायले? दोन बॅटऱ्या हायेत नं, एकीवरून १२ व्होल्ट घ्या आन् स्कॅनरले द्या. फुकटात काम.

कॅन_हाय_लो
कोणत्या बॅटरीवरून, ते सांगितल्याशिवाय असला सल्ला देऊ नका. ज्या बॅटरीचा मायनस चेसिसला आहे तिच्यावरून घेतलं तर चालतं. चुकून दुसरीवरून घेतलं तर स्कॅनरचा मायनस चेसिसपेक्षा १२ व्होल्ट वर जातो आणि तो फरक थेट कॅनच्या, म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर ज्यावर बोलतात त्या, तारांवर पडतो. स्कॅनर तर जाईलच, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही, जाऊ शकतो. त्यापेक्षा २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर लावा. एक्स्टेन्शन केबल घेऊन फक्त १६ नंबरची तार कापायची, मधे कन्व्हर्टर टाकायचा. ४, ५, ६, १४ ला हात लावायचा नाही.

पऱ्हाटी
मायनसवालीच म्हणत होतो मी. सांगायले लागते काय ते?

ऑटोवायरिंग_वणी
हो, सांगायले लागते.

दुसरा स्कॅनर लावण्याआधी लाइन तपासून घ्या. चावी काढा, बॅटरी कट-ऑफ करा, मीटर ओहमवर ठेवून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये, म्हणजे कॅनच्या दोन तारांमध्ये, मोजा. ६० च्या आसपास आलं तर लाइन ठीक, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आलं तर एक टोक सुटलं आहे. शून्याजवळ आलं तर दोन तारा कुठेतरी चिकटल्या. ट्रकमध्ये हे बहुतेक केबिन टिल्ट होते त्या वळणावर सापडतं, हार्नेस (तारांचा जुडगा) तिथे घासतो.

मारेगाव_१०चाकी
६१ आलं. वणीहून एकाचा स्कॅनर मागवला आहे, त्यात पीआयसी १८एफ२५के८० चिप आहे म्हणतो. कन्व्हर्टर लावला. आता कोणतं ॲप?

कॅन_हाय_लो
ती चिप असेल तर काम होईल. ॲप नको, ब्लूटूथ टर्मिनल घ्या, ज्यात स्वतः अक्षरं टाइप करता येतात. चावी ऑन, इंजिन बंद. एका वेळी एकच ओळ:

एटी झेड
एटी एच१
एटी एसपी ए
एटी डीएम१

अर्थात टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं. शेवटच्या ओळीनंतर थांबा. चालू बिघाडाचा संदेश गाडी दर सेकंदाला आपणहून पाठवत असते, मागावा लागत नाही. उत्तरात प्रश्नचिन्ह आलं तर स्कॅनरला आदेशच कळत नाही. काहीच आलं नाही तर गाडीच्या कॅन लाइनचा डेटाचा वेग ५०० असू शकतो, ‘ए’ हा २५० केबीपीएसचा आहे.

टोलनाका
कोणी हे सांगाल का, फास्टॅगमधून दोनदा पैसे कटले तर तक्रार कुठे करायची?

डिझेलदादा
१०३३ वर फोन करा. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.

मारेगाव_१०चाकी
आलं! पण हे काय आहे? पुढचा लांब आकडा सोडून दोन ओळी देतो:

०१ ४४ एफएफ ईई १० १२ ०३ ०सी
०२ ११ १२ ०५ एफएफ एफएफ एफएफ एफएफ

कॅन_हाय_लो
एकापेक्षा जास्त कोड असले की एका ओळीत मावत नाहीत, तुकडे पडतात. पहिले ०१ आणि ०२ हे तुकड्यांचे नंबर, ते खोडा. शेवटचे चार एफएफ भरती आहेत, तेही खोडा. उरलं ते सलग लिहा:

४४ एफएफ । ईई १० १२ ०३ । ०सी ११ १२ ०५

४४ म्हणजे कोणते दिवे पेटले: चेक लाइट आणि पिवळा. पुढे चार-चारचा एक कोड. पहिल्या दोन जोड्या उलट्या वाचायच्या. ईई १० चं होतं १०ईई. ते सोळाच्या पाढ्यात आहे (नऊनंतर ए म्हणजे दहा, असं एफ म्हणजे पंधरापर्यंत), म्हणून १० म्हणजे १६, १६ गुणिले २५६ म्हणजे ४०९६, ईई म्हणजे २३८. बेरीज ४३३४. तिसरी जोडी १२ म्हणजे १८, हा एफएमआय. चौथी ०३, तीनदा घडलं.

दुसरा कोड: ११०सी. १७ गुणिले २५६ म्हणजे ४३५२, अधिक १२, म्हणजे ४३६४. एफएमआय परत १८. पाचदा.

तिसरी जोडी सोळाच्या पाढ्यात १एफपर्यंत, म्हणजे ३१ पर्यंत असली तरच इतकं सरळ. त्याच्या वर गेली तर तिचा वरचा भाग एसपीएनमध्ये धरावा लागतो.

४३३४ म्हणजे डीईएफ डोझिंगचं, म्हणजे फवारणीचं, प्रेशर. ४३६४ म्हणजे एससीआर कॅटॅलिस्टची, म्हणजे डीईएफने धूर साफ करणाऱ्या भागाची, कार्यक्षमता. १८ म्हणजे आकडा हवा त्यापेक्षा कमी, मध्यम तीव्रतेने.

शाफ्ट_जॉइंट
४३६४ आला ना, मग नॉक्स सेन्सर (धुरातला नायट्रोजनचा वायू मोजणारा) बदला. दोन्ही बदला. सगळे तेच करतात.

ऑटोवायरिंग_वणी
सगळे तेच करतात म्हणूनच लोकांचे पैसे जातात. सेन्सर गेला असता तर बहुतेक ३२१६ किंवा ३२२६ आला असता. पुढचा ३२१६, सायलेन्सरनंतरचा ३२२६. सोबत एफएमआय ३, ४ किंवा ५ असता, म्हणजे तार शॉर्ट किंवा तुटलेली. इथे तसं काही नाही. डीईएफ कमी प्रेशरने येते, म्हणून कॅटॅलिस्ट काम करत नाही, म्हणून दुसरा कोड. मूळ पहिला आहे.

शाफ्ट_जॉइंट
आणि कॅटॅलिस्टच मेला असेल तर?

ऑटोवायरिंग_वणी
कॅटॅलिस्ट मेल्याने पंपाचं प्रेशर कमी होत नाही.

हायवे_जुगाड
एमुलेटर (डीईएफ चालू आहे असं गाडीला भासवणारी डबी) लावून घ्या, डीईएफचा खर्चच बंद. लाइट कायमचा जातो.

डिझेलदादा
आणि पीयूसी, फिटनेस, वॉरंटी तिन्ही कायमचे जातात. हा धागा कोड वाचायचा आहे.

मारेगाव, डीईएफ कुठून भरता? पंपावरून, सीलबंद कॅनमधून, की सुटी? आणि कॅन ठेवता कुठे?

मारेगाव_१०चाकी
सीलबंद कॅन. टिनाच्या शेडमध्ये.

डिझेलदादा
टिनाच्या शेडमध्ये आपल्याकडे मे महिन्यात किती तापतं ते सांगायला नको. डीईएफ ३० अंशाच्या आत ठेवली तर वर्षभर टिकते, ३५ ला जेमतेम सहा महिने. त्यावर अमोनियाचा वास सुटायला लागतो. रिफ्रॅक्टोमीटरवर युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के हवं, ३१.८ ते ३३.२ पर्यंत चालतं.

आणि कोणी शेतातला युरिया पाण्यात घोळून टाकत असेल त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो, कारण हे चालतं. २०१५ पासून खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग सक्तीचं आहे. ते तेल पंपाच्या फिल्टरमध्ये बसतं. शिवाय खतात बाययुरेट (युरियातली अशुद्धी) दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ०.३ च्या वर नको. नोझल पांढरी होऊन बंद पडते.

पऱ्हाटी
खताचा युरिया कपाशीलेच भेटत नाही, ट्रकले कोन टाकते?

कॅन_हाय_लो
मारेगाव, ड्रायव्हर चावी काढल्यावर बॅटरी कट-ऑफ किती वेळाने फिरवतो?

मारेगाव_१०चाकी
लगेच. मीच सांगितलं आहे, बॅटरी उतरू नये म्हणून.

कॅन_हाय_लो
सापडलं. चावी काढल्यावर डीईएफचा पंप उलटा फिरतो आणि पाइपातली डीईएफ टाकीत परत ओढतो. नीट ऐकलं तर घर्र आवाज येतो. त्याला दोनेक मिनिटं लागतात. मधेच कट-ऑफ केला की डीईएफ पाइपात आणि नोझलमध्ये राहते, गरम सायलेन्सरजवळ पाणी उडतं, युरियाचे खडे उरतात. निदान दोन मिनिटं थांबायचं, गाडीच्या पुस्तकात जास्त लिहिलं असेल तर तेवढं. आवाज थांबला की मग फिरवा.

वर ओहम मोजायला सांगितलं तेव्हाही हे थांबणं लिहायला हवं होतं.

ऑटोवायरिंग_वणी
बरोबर, माझं सुटलं.

मारेगाव_१०चाकी
नोझल काढली. टोकाला पांढरा, मिठासारखा थर आहे, छिद्र दिसतच नाही. तारेने कोरू का?

ऑटोवायरिंग_वणी
तार नाही, डिझेल नाही, पेट्रोल नाही, कार्ब क्लीनर नाही. युरिया यांत नाही, पाण्यात विरघळतो. डिस्टिल्ड पाणी गरम करा, हाताला सोसेल त्यापेक्षा थोडं जास्त, उकळतं नको. टोक तेवढं बुडवून अर्धा तास ठेवा, पाणी बदला, परत ठेवा. कनेक्टर कोरडा राहिला पाहिजे. पाइपाचं टोकही तसंच धुवा. बसवताना गॅस्केट नवं, जुनं परत लावलं तर एक्झॉस्ट गळतो. पंपातला डीईएफ फिल्टरही काढून पाहा, पिवळट चिकट असेल तर नवा टाका.

मारेगाव_१०चाकी
धुतली, बसवली, फिल्टर बदलला. इंजिन चालू करून पुन्हा वाचलं. आता एकच ओळ येते, ४३६४ उरला. ४३३४ गेला. पण लाइट तसाच. बॅटरीची तार काढून रिसेट करू?

कॅन_हाय_लो
बॅटरी काढून बीएस-६ चे कोड जात नाहीत. ४३३४ आता जुन्यांच्या यादीत असेल, टर्मिनलमध्ये एफईसीबी टाइप केलं की दिसेल. ४३६४ तपासायला गाडीला गरम सायलेन्सर लागतो. सुमारे २०० डिग्रीच्या खाली डीईएफ फवारतच नाही. अंगणात रेस देऊन काही होणार नाही. भरलेली गाडी तासभर सलग चालवा, दोन-तीन फेऱ्यांत गाडी स्वतःच तपासून लाइट विझवेल. तेवढ्यात टाकीतली उन्हातली डीईएफ काढून ताजी भरा.

मारेगाव_१०चाकी
वणीचा लोड घेऊन गेली आहे. ड्रायव्हर म्हणतो चढावर ओढते, लाइट अजून आहे. जाऊन आली की परत वाचतो. एक राहिलं, कानशीने घासलेला तो पहिला स्कॅनर कारला चालेल का?

पऱ्हाटी
चालते भाऊ. पन तो इतका गरम झाला होता, आता त्याच्यावर चहाच ठेवा.