उत्तर: निकेलहार्पावर बाख

वर कुणीतरी म्हटलंय की निकेलहार्पाला (गजाने वाजवायचं स्वीडिश तंतुवाद्य) चाव्या आहेत म्हणजे व्हायोलिनपेक्षा सोपंच, सूर चुकायची भीती नाही.. सूर लागतो हो, पण बाखच्या (जर्मन संगीतकार) सोलो व्हायोलिनच्या रचनांमधे खरी गोची कॉर्ड्सची (एकदम वाजवायचे अनेक स्वर) आहे. व्हायोलिनच्या चार तारा जी-डी-ए-ई, सगळ्या पंचमाच्या (सा ते प) अंतरावर, आणि निकेलहार्पाच्या सी-जी-सी-ए, त्यातही चाव्यांच्या तीन ओळी असलेल्या नेहमीच्या मॉडेलवर खालच्या सी ला चाव्याच नसतात, ती नुसती ड्रोन (एकच स्वर धरून ठेवणारी तार). बाखच्या जी मायनर सोनाटाची (१७२०चं हस्तलिखित) पहिलीच कॉर्ड घ्या, जी-डी-बी फ्लॅट-जी, वरचे दोन स्वर सरळ बघितलं तर दोन्ही ए तारेवरच येतात, मग काय, कॉर्ड तोडा (स्वर एकापाठोपाठ वाजवा) नाहीतर एखादा स्वर सोडा. ई तार नाही म्हणून वरच्या पट्टीतले पॅसेज ए वर चढत चढत वाजवायचे, ते वेगळंच.

आणि १२ तरफा (गज न लागता घुमणाऱ्या जादा तारा)! सारंगीसारख्याच आपोआप घुमतात, आदाजिओला (संथ भाग) स्वर्ग, पण फास्ट फ्यूगमधे (एकच धून अनेक आवाजांत गुंफलेली रचना) आधीचा स्वर विझायच्या आत पुढचा येतो आणि गोंधळ होतो. माझ्या मते म्हणून साराबांद (संथ नृत्यरचना) वगैरे जास्त शोभतात. निकेलहार्पावादक मार्को आम्ब्रोझिनी ऐका, ते यावर बरोक (बाखच्या काळातलं युरोपीय संगीत) वाजवतात.