ऑक्सिजन ९७ दाखवतंय, तरी अण्णांना चारभिंतीच्या चढाला एवढी धाप का?

मंगळवारपेठकर
मंडळी जरा सल्ला द्या. अण्णा ६७ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी अटॅक येऊन गेला तेव्हापासून हार्टचं पंपिंग कमी झालंय, इकोत ईएफ (म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते) ३० टक्के, गोळ्या चालू आहेत. आधी रोज पहाटे साताऱ्यातल्या चारभिंतीच्या टेकडीला जाऊन येणारा माणूस, आता निम्म्या चढातच कठड्यावर बसतो. मला वाटलं ऑक्सिजन कमी पडत असणार, म्हणून कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं मशीन बरोबर नेलं, तर धाप लागलेली असताना ९७! एक्सरेपण क्लिअर. मग दम लागतोय कशानं? आई म्हणते चालणंच बंद करा. आणि शेजारच्या काकांचा ईएफ २५, ते खुशाल राजवाड्यापर्यंत फिरून येतात.

वाईचा_फिजिओ
दादा, मशीन बरोबरच सांगतंय. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, ते रक्त पायापर्यंत पुरेसं पोचत नाही हा घोळ आहे. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं, धडधाकट माणसाचं चढावर १५-२० लिटरपर्यंत जातं, अण्णांचं तेवढं वाढत नाही. मग पिंढऱ्या-मांड्यांच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड लवकर साठतं, ते स्नायूच मेंदूला सांगतात की श्वास वाढव, म्हणजे माणूस छातीनं दमतोय असं दिसतं पण ओरडतायत पाय. त्यात हृदयामागं दाब वाढून फुफ्फुसं जड होतात आणि त्यांच्या काही भागात रक्तच कमी जातं, तिथं घेतलेली हवा फुकट. १ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला निरोग्याला २५-३० लिटर हवा लागते, हार्ट फेल्युअरवाल्याला, म्हणजे अण्णांसारखं पंपिंग कमी पडणाऱ्याला, ३५-४० किंवा जास्तच.

काकांचं म्हणाल तर ईएफ हा आराम करतानाचा आकडा, त्यावरून कोण किती चालेल ते कळत नाही. स्नायू किती टिकलेत ते बघावं लागतं, आणि घरी बसवलं की ते अजून वितळतात. आईंना हे सांगा. २००९ साली एचएफ-ॲक्शन नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, २३३१ पेशंट, ईएफ ३५ किंवा त्याखाली. व्यायाम सुरक्षित निघाला, दम आणि रोजचं जगणं थोडं सुधारलं. थोडंच हां, जादू नाही.

कृष्णाकाठ_सांगली
मी स्वतः पेशंट, ईएफ २८. आमच्याकडं चढ नाही हे नशीब, आमराईत सपाट फेऱ्या मारतो. सुरुवातीला ५ मिनिटं चालून बाकड्यावर, आता २५ मिनिटं होतात, पण चार महिने गेले त्याला. पल्सवर जाऊ नका, बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारी गोळी) चालू असेल तर ठोके वाढतच नाहीत फार. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. आणि एकदम थांबून बसायचं नाही, शेवटची ५ मिनिटं रमतगमत.

गावठी_इलाज
अर्जुनाची साल उकळून द्या, लय फरक पडतो.

वाईचा_फिजिओ
ओ भाऊ, पाच गोळ्या चालू असलेल्या माणसाला डॉक्टरांना न विचारता नको. त्यापेक्षा लोणचं-पापड कमी करा. आणि दादा, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. २-३ दिवसांत २ किलो वाढलं, पायाला सूज आली, रात्री आडवं झाल्यावर दम लागला तर ते पाणी साठल्याचं लक्षण, तेव्हा चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांबायचं, लगेच दवाखाना. सुरू करायच्या आधी ६ मिनिटं चालायची टेस्ट करून घ्या.

मंगळवारपेठकर
आभार मंडळी. डॉक्टरांना विचारलं, सपाटावर चाला म्हणाले. कालपासून गोडोली तळ्यावर नेतोय. अण्णा बोलत बोलत एक फेरी चालले, सगळा वेळ माझ्या पार्किंगला नावं ठेवत. वाक्य एकदाही तुटलं नाही.