मदत हवी आहे: कोपराचं चामडी चिलखत, एक तुकडा तडकला, दुसरा मऊच राहिला

नदीकाठ
मंडळी, जरा घाई आहे. पेन्सिकला तीन आठवडे उरलेत आणि माझ्या हातांची चिलखतं अजून तयार नाहीत. चामडं उकळत्या पाण्यात टाकलं, पाच मिनिटांनी काढलं. उजव्या कोपराचा तुकडा भाजलेल्या पापडासारखा आकसला आणि वाकवायला गेलो तर तडकला. डाव्याचा तुकडा त्याच पातेल्यात, तेवढाच वेळ, तरी फडक्यासारखा मऊ! काय चुकलं? वरून मेण लावलं तर दोन्ही वाचतील का?

सुमेधा_क
पेन्सिक म्हणजे काय? आणि चिलखत नाटकासाठी हवंय का? तसं असेल तर जाड फोमला रंग दिला तरी भागतं. आम्ही गॅदरिंगला तसंच केलं होतं.

नदीकाठ
नाटक नाही हो, खरोखर मार बसतो. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम, म्हणजे एससीए. १९६६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सुरू झालेली, मध्ययुगातलं जगणं आणि लढाया पुन्हा उभ्या करणारी संस्था आहे. दर उन्हाळ्यात पश्चिम पेन्सिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ तिचा मोठा मेळा भरतो, तो पेन्सिक. आता कृपया चामड्याबद्दल बोला.

लंडनस्थ
तलवारी पोलादी की वेताच्या? ते आधी सांगायला हवं होतंत. पोलादी असतील तर नुसत्या चामड्याच्या भरवशावर उतरू नका. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे १८ गेजच्या पोलादी कोपरवाट्या विकत घ्या आणि मोकळे व्हा.

नदीकाठ
वेताच्या. सव्वा इंच जाडीच्या. पोलाद नको, चौदाव्या शतकातलं चामडी चिलखतच करायचंय.

रापी_आरी
दादा, चामडं कुठलं? जाडी किती? कमावलेलं कशाने? याच्यातलं एकही तुम्ही लिहिलं नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला होतात, म्हणून विचारतो.

नदीकाठ
चामडं म्हणजे चामडं, गाईचं. दुकानात उरलेल्या तुकड्यांची पिशवी मिळते, दोन्ही त्यातलेच. विकणाऱ्याने "सगळं एकच आहे" म्हणून सांगितलं होतं.

रापी_आरी
दोन्हींची कड धारदार रापीने ताजी कापा आणि उजेडात बघा. आतून काय रंग दिसतो ते लिहा.

दांडपट्टा
मराठी माणसाने युरोपातलं चिलखत कशाला घालायचं? आपल्या दांडपट्टा तलवारीचा पोलादी खोबळा हाताची नळी झाकतो आणि मूठही त्याच्या आतच असते. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्यात एकदा बघा, मग ही उकडलेली कातडी विसराल.

लंडनस्थ
दांडपट्टा, खोबळा नळी झाकतो, कोपर उघडाच राहतो. इथे प्रश्न कोपराचा आहे. आणि उकडलेल्या कातडीला नावं ठेवू नका. ब्रिटिश म्युझियममध्ये दंडावर बांधायचं चौदाव्या शतकातलं असंच चामडी चिलखत आहे, वर नक्षी दाबलेली. मी काचेला नाक लावून पाहिलंय.

नदीकाठ
कापून पाहिलं. तडकलेला आरपार तपकिरी. मऊ राहिलेला कडेला तपकिरी, मध्ये निळसर राखाडी रेघ.

रापी_आरी
मग उत्तर मिळालं. निळसर रेघेचा तुकडा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला. क्रोमचं कातडं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. पूर्ण कमावलं गेलंय का हे पाहायला कारखान्यात ते उकळूनच बघतात. त्याचं चिलखत या जन्मी होणार नाही, पण पट्ट्यांना ते उत्तम.
तपकिरी तुकडा साल-फळांनी कमावलेला, आमच्याकडे हिरडा-बाभूळ वापरतात तशातला. तेच तुम्हाला हवं, पण ते साधारण ७०-८० अंशांनाच आकसायला लागतं. तुम्ही १०० अंशांत पाच मिनिटं ठेवलंत, ते जळाल्यातच जमा. मेणाने तडा बुजत नाही. तो तुकडा कोपरावर अजिबात बांधू नका.
असं करा. तसल्याच नव्या चामड्याच्या दहा सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. साध्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. मग ८० अंशांच्या पाण्यात एक २० सेकंद, एक ४५, एक ९०. थर्मामीटर वापरा, अंदाज नको. वाळल्यावर मोजा. जी टणक झालीय पण वाकवल्यावर कड्कन मोडत नाही, ती तुमची वेळ. ती जितकी आकसली, त्या हिशेबाने बेतणी मोठी काढा.

कोकणकडा
पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. कडुनिंबाचं तेल पुसून ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळा. माझा वीस वर्षांचा पट्टा अजून शाबूत आहे.

लंडनस्थ
मेणाबद्दल रापी_आरींनी अर्धंच सांगितलं. टणक झाल्यावर मेण मुरवलंच पाहिजे, नाहीतर घामाने आठवड्यात लोळागोळा.

रापी_आरी
मला पटत नाही. मधमाशांचं मेण ६३ अंशांच्या आसपास वितळतं, पण ऑगस्टच्या उन्हात बंद गाडीत चिलखत राहिलं तर त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडेल. मुरवायचंच असेल तर पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं.

सुमेधा_क
कोपराचा गोल आकार कशावर द्यायचा? मला आता उत्सुकता लागलीय.

रापी_आरी
ताई, स्टीलची आमटीची वाटी पालथी ठेवायची. ओलं, गरम चामडं त्यावर अंगठ्यांनी मधून कडेला ओढत न्यायचं, सुरकुती दिसली की लगेच मोडायची, सुतळीने आवळायचं. दोन दिवस पंख्याखाली. उन्हात नको.

लंडनस्थ
नदीकाठ, यात तरी माझं ऐका. कोपराचं टोक आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडं टणक वस्तूने झाकलेली हवीत आणि खाली ६ मिमी फोम हवाच. हाताच्या नळीचं चिलखत तुमच्या नियमात सक्तीचं नाही, कोपराचं आहे. माझी वाटी खेळताना दोन बोटं सरकली होती, फक्त दोन. नऊ आठवडे हात गळ्यात होता.

नदीकाठ
४५ सेकंदांची पट्टी जमली! टेबलावर आपटली की लाकडासारखी वाजते. दहाची पावणेनऊ सेंटिमीटर झाली. साडेचार मिमीचं नवीन चामडं आणलं, या वेळी कड कापून बघूनच. लंडनस्थ, वाटी सरकू नये म्हणून काय करता?

लंडनस्थ
सांध्याच्या वर एक पट्टा, खाली एक, आणि वाटी आतल्या जाड बाहीला नाडीने बांधायची. तुमचं ते मऊ क्रोम इथे वापरा. बांधून झालं की हात वीस वेळा पूर्ण दुमडा, सोडा, आणि कुणाला तरी बघायला सांगा. आपलं कोपर आपल्याला दिसत नाही.