डिकीत पाणी कुठून येतंय?

बी-३०४: नमस्कार मंडळी. आमच्या सेडानच्या डिकीत कुबट वास येत होता म्हणून आज फेल्ट उचलून पाहिलं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलंय, जॅकला गंज धरलाय. पावसात गाडी उघड्यावरच असते, पण काचा-दारं सगळी नीट बंद होती. कुणाला काही कल्पना आहे का?

ए-१०२: डिकीचं रबर गेलं असणार. बदलून टाका.

सी-५०१: कडेकडेने सिलिकॉन मारा सगळीकडे. विषय संपला.

ए-४०३: थांबा, अजून काही मारू नका आणि काही बदलूही नका. खड्डा हा डिकीतला सगळ्यात खालचा भाग, त्यामुळे पाणी कुठूनही शिरलं तरी तिथेच येऊन साचणार. रबर हे एक कारण झालं. मागच्या दिव्यांचं गॅस्केट (दिवा आणि पत्र्यामधली पाणी अडवणारी पट्टी), छताच्या पट्टीखालची पत्र्याची शिवण, अँटेनाचं बूड, वायरी आत येतात तिथले ग्रोमेट (भोकात बसवलेली रबरी कडी), यातलं काहीही असू शकतं. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्याही तपासा. काही गाड्यांत मागच्या नळ्या डिकीच्या बाजूनेच खाली उतरतात.

बी-३०४: सनरूफ नाही काका. मग सुरुवात कुठून करू?

ए-४०३: आधी डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, फेल्ट, दोन्ही बाजूंची ट्रिम (पत्र्यावरचं आतलं आच्छादन) काढा. पाणी टिपून पत्रा कोरडा करा. पण पुसण्याआधी टॉर्च मारून नीट बघा आणि फोटो काढा. पाणी वाहिलेल्या वाटेवर मातीची बारीक रेघ राहते, कधी गंजाचा ओघळ असतो. ती रेघ खालून वर धरत गेलात की निम्मं काम झालं. पुसून टाकलीत तर हाच पुरावा जातो.

बी-३०४: डावीकडे आहे रेघ! चाकाच्या कमानीवरून खाली आलीय. वर मात्र दिव्याच्या मागे दिसेनाशी होते.

ए-४०३: छान. आता पाण्याची परीक्षा. एकाने मागची सीट पाडून केबिनमधून टॉर्च घेऊन डिकीत बघत राहायचं. कुणालाही डिकीत बसवून झाकण लावू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही. सीट पडत नसेल तर मोबाइल टॉर्चसकट व्हिडिओवर लावून आत ठेवा. बाहेरच्याने पाइप धरायचा, पण तोंड दाबून फवारा करायचा नाही, धार नुसती वाहू द्यायची. जोराच्या फवाऱ्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि भलतीच जागा दोषी ठरते. आणि सुरुवात खालून करायची: आधी बंपरची कड, मग दिवा, मग झाकणाची कड, मग मागची काच, शेवटी छत. प्रत्येक जागी काही मिनिटं तरी थांबा. आधीच छतावर पाणी ओतलंत तर ते सगळ्यावरून वाहतं आणि काहीच कळत नाही.

सी-५०१: बंपरमधून पाणी कसं येईल?

ए-४०३: बऱ्याच गाड्यांत बंपरच्या मागे केबिनची हवा बाहेर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या झडपा असतात. त्यांच्या कडेचा फोम गेला की चाकाने उडवलेलं पाणी आत येतं. फक्त कड सील करायची, झडप चिकटवायची नाही. ती बंद झाली तर काचांवर वाफ धरते आणि दारं जड लागतात.

ए-१०२: आणि रबर?

ए-४०३: कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण लावा आणि ओढा. जिथे सहज निसटेल तिथे दाब कमी आहे. अशी जागोजागी ओढून बघा. पुष्कळदा रबर ठणठणीत असतं, लॉक थोडं सरकलेलं असतं. झाकणाच्या कडेची पन्हळही बघा, पानं-माती अडकली की पाणी तुंबून काठावरून आत पडतं.

बी-३०४: सापडलं! भाऊ आत बघत होता. बंपरवर पाणी सोडलं तेव्हा काही नाही. डाव्या दिव्याच्या वरच्या कडेवर धार धरली आणि थोड्या वेळाने आतल्या नटाच्या टोकाला थेंब धरला, फुगला आणि ओघळून कमानीवर आला. बरोबर त्याच रेघेवरून. उजवा दिवा, झाकण, काच, छत सगळं कोरडं.

ए-४०३: वा! दिवा काढा. जुनं गॅस्केट चपटं होऊन कडक झालं असेल. पत्रा स्वच्छ पुसून नवीन गॅस्केट बसवा. ते मिळत नसेल तर ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, नंतर दिवा काढायची वेळ आली तरी ती निघते. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच करकचून पिळलात तर दिव्याच्या प्लास्टिकला तडा जाईल.

सी-५०१: सिलिकॉन का नको म्हणता?

ए-४०३: व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्याला ते गंजवतं. शिवाय त्यावर रंग धरत नाही. पत्र्याची शिवण उकलली असेल तर गंज खरवडून, प्रायमर मारून गाड्यांसाठीचा सीम सीलरच भरायचा.

ए-२०६: आमची हॅचबॅक आहे. पाऊस नसतानाही मागे ओल दिसते.

ए-४०३: मागची काच धुतल्यावरच दिसते का? तसं असेल तर वॉशरची नळी बघा. मागचं दार उघडताना ती रोज वाकते, बिजागराजवळ तुटते किंवा जोडातून निसटते. वरचा ब्रेक लाइटही तपासा, त्याचं गॅस्केटही गळतं.

बी-३०४: काका, गॅस्केट मागवलंय. तोवर खड्ड्याच्या तळाला भोक पाडून ठेवू का, पाणी निघून जाईल?

ए-४०३: नको. कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो आणि रस्त्यावरचं पाणी खालून वर येतं. तळाला बहुतेक रबरी बूच असतं, ते काढून निचरा करा आणि परत घट्ट बसवा. तोवर दिव्याच्या वरच्या कडेला बाहेरून चांगली जलरोधक टेप लावा. फेल्ट आणि खालचा फोम बाहेर काढून वाळवा. वरून कोरडा लागला तरी फोम आतून पाणी धरून असतो, दाबून बघा. डिकीत बॅटरी किंवा फ्यूजबॉक्स असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिथले कनेक्टरही तपासा, हिरवट पूड दिसली तर मेकॅनिकला दाखवा. आणि नवीन गॅस्केट बसलं की ट्रिम लावायच्या आधी त्याच जागी पुन्हा पाणी सोडा.

बी-३०४: हो काका, रविवारी बसवतो. व्हिडिओ इथेच टाकतो.