मदत हवी आहे: अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरची पदावनती झाली होती का?

राजगिरा: उद्या दुपारी लेख द्यायचाय आणि अडकलेय. एका यादीत तो चार ताऱ्यांचा जनरल, दुसरीत त्याच वर्षी दोनच ताऱ्यांचा मेजर जनरल. त्याला खाली उतरवलं होतं का? नुसतं हो-नाही सांगितलं तरी चालेल.

कडेपठार: वर्ष कुठलं? पहिल्या महायुद्धानंतर तो खरंच खाली आला होता, म्हणून विचारतोय.

जुना वाचक: ते १९५३ ते १९६१ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला आले, तेव्हा माझे वडील रामलीला मैदानावर गेले होते. वडिलांना गर्दीत फक्त हलणारा हात दिसला, पण शेवटपर्यंत सांगायचे.

राजगिरा: काका, राष्ट्राध्यक्षपदाचं नकोय हो. वर्ष १९४३. फेब्रुवारीत जनरल, ३० ऑगस्टला मेजर जनरल. दुसऱ्या यादीवर 'रेग्युलर आर्मी' असं लिहिलंय, त्याचा काही संबंध?

कडेपठार: अहो, हेच आधी सांगायचं ना! हुद्दे दोन असायचे, एक युद्धापुरता हंगामी आणि एक कायम, म्हणजेच तुमची 'रेग्युलर आर्मी'. फेब्रुवारीतले चार तारे हंगामी. कायम हुद्दा तेव्हाही लेफ्टनंट कर्नलच, १९३६ पासूनचा. ऑगस्टमध्ये तो कायमचा मेजर जनरल झाला, म्हणजे ती बढतीच. खांद्यावरचे चार तारे तसेच राहिले.
खाली आला तो १९२० मध्ये. १९१८ ला गेटिसबर्गच्या कॅम्प कोल्ट छावणीत रणगाडा दलाची माणसं तयार करताना हंगामी लेफ्टनंट कर्नल होता. ३० जून १९२० ला परत कॅप्टन, दोन दिवसांनी मेजर. १९२२ ला सैन्यकपातीत पुन्हा कॅप्टन, १९२४ ला परत मेजर, आणि मग १९३६ पर्यंत मेजरच.

शिलेदार: इतकी वर्षं मेजर! लष्करप्रमुख जॉर्ज मार्शलने उचलला म्हणून वर आला. नोव्हेंबर १९४२ पर्यंत लढाईत एक तुकडीसुद्धा नेली नव्हती. त्यापेक्षा जनरल पॅटनवर लिहा, तो १९१८ ला फ्रान्समध्ये रणगाड्यांबरोबर लढताना जखमी झाला होता.

कडेपठार: तेव्हा बढती ज्येष्ठतेनेच मिळायची, वर जागाच नव्हत्या. हाच माणूस १९२६ ला लेव्हनवर्थच्या स्टाफ स्कूलमधून, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेतून, पहिला आला. १९४१ च्या लुइझियानातल्या मोठ्या सरावात थर्ड आर्मीचा चीफ ऑफ स्टाफही तोच होता. मार्शलने त्याला वॉशिंग्टनला बोलावलं ते त्यानंतर.

शिलेदार: सराव तो सराव. समोरून गोळी येत नाही.

राजगिरा: तुमचं नंतर चालू द्या, प्लीज. मी चौकटीत दोन रकाने करतेय, हंगामी आणि कायम. डिसेंबर १९४४ चा पाचवा तारा कुठल्या रकान्यात टाकू?

कडेपठार: हंगामी. कायम झाला तो एप्रिल १९४६ मध्ये.