मदत हवी आहे: 'आज कुठं जायचं?' ठरवणारं माझं पहिलं ॲप

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून दोन महिने झालेत. रविवारी आमच्या घरात रंकाळा, पन्हाळा की जोतिबा यावरच तास जातो, म्हणून ते ठरवणारं छोटं ॲप करतोय.

आधी यादीतलं कुठलंही एक उचलून देणारं रँडम चॉइस वापरलं. चाललं, पण भर पावसात संध्याकाळी सहाला त्यानं पन्हाळा सांगितला. हे नुसतं चिठ्ठी उचलणं झालं, निर्णय नव्हे. मग कोड बाजूला ठेवून वहीत फ्लोचार्ट काढला: पाऊस आहे का, उशीर झालाय का, आई सोबत आहे का (तिचे गुडघे दुखतात, जोतिबाच्या पायऱ्या नकोत). तीन हो-नाही प्रश्नांच्या ८ वाटा, चौथा घातला की १६. इफच्या ('असं असेल तर' या अटीच्या) आत इफ लिहून डोकं गरगरतंय.

दुसरा विचार असा: डिक्शनरीत (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवायची पायथॉनची सोय) प्रत्येक ठिकाणाला गुण द्यायचे, जास्त गुणांचं जिंकेल. पण आईच्या गुडघ्यांचे नुसते गुण कापून चालणार नाही, तिथं जोतिबा यादीतूनच गेला पाहिजे. म्हणजे आधी गाळणी, मग गुण, बरोबर ना? आणि गुण सारखे पडले तर तेवढ्यापुरती चिठ्ठी चालेल का?

स्क्रीन आत्ताच टीकेइंटरमध्ये (पायथॉनमध्ये खिडक्या-बटणं बनवायचं साधन) करू, की आधी टर्मिनलवरच (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) पक्कं करू? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.