पंपाला रेग्युलेटर नको, कॉक लावा

खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचा रिटर्न पंप (खालच्या सम्पमधून, म्हणजे गाळणीच्या टाकीतून, पाणी वर चढवणारा) फार जोरात आहे, पंख्याचा रेग्युलेटर लावू का, असं तुम्ही विचारलंत. साध्या एसी पंपाला कृपा करून लावू नका. त्याचा वेग विजेच्या ५० हर्ट्झवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. व्होल्टेज उतरवलं की तो अडखळतो, तापतो, आणि ती उष्णता पाण्यात जाते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये प्रवाळांना ते मुळीच झेपणार नाही.

पाणी बाहेर पडतं त्या बाजूला कॉक बसवा. ओढणारी बाजू आवळली तर पंप उपाशी राहून खडखडतो. कॉक पीव्हीसीचा घ्या. द्राक्षबागांमुळे आपल्याकडे ठिबकच्या दुकानांत सहज मिळतो. पितळी चुकूनही नको! खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ हातचे जातात. बॉल व्हॉल्व्ह केसभर हलवला तरी धार एकदम बदलते, म्हणून मी गेट व्हॉल्व्ह (फिरवत फिरवत हळूहळू उघडणारा) लावलाय. त्याच्या दांड्यावर मिठाची पांढरी पापडी धरते. ओल्या फडक्याने पुसून अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर जाम होतो.

मोजायचं असेल तर टाकीच्याच उंचीवर बादली धरा. १० लिटर ३६ सेकंदांत भरले, तर तासाला १००० लिटर. तुमच्या २०० लिटरच्या टाकीला एवढं भरपूर झालं. प्रवाळांना लागणारा पाण्याचा जोर वेव्हमेकरने, म्हणजे टाकीत लाटा उठवणाऱ्या छोट्या पंपाने, द्या.

आणि हो, सगळं जुळलं की एकदा पंप बंद करून सम्पकडे बघत बसा. रात्री लाइट गेल्यावर उलटं येणारं पाणी त्यात मावलं पाहिजे.